जुना संगणक, नवा संगणक आणि परवाना

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योगांत हिशेब, आराखडे व मालाची नोंद आज संगणकावर होते. ग्रामपंचायती व शाळाही त्यास अपवाद नाहीत. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक जुने संगणक बदलणे भाग पडले. जुना परवाना नव्या संगणकावर नेता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

याचे उत्तर परवान्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. संगणकासोबत उत्पादकाकडूनच आलेला परवाना त्या संगणकाशी निगडित असतो. तो अन्यत्र नेता येत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना नेता येतो. मात्र एका वेळी एकाच संगणकाचा हक्क असल्याने तो जुन्यावरून आधी काढावा लागतो. संस्थेच्या सामूहिक परवान्यास करारातील अटी लागू होतात.

अनधिकृत प्रतीचा जाणीवपूर्वक वापर हा कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून जडसंग्रह नोंदवहीतून जुन्या संगणकाचे निर्लेखन करण्यापूर्वी खरेदीचे देयक पाहून परवान्याचा प्रकार निश्चित करावा. नवा परवाना परवडत नसल्यास सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली उपलब्ध आहे.