पोसवत नाही, त्या घोड्याचं काय?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही पुढे आला. टांगा बंद होतो, वरातीची कामं आटतात, मालक थकतो. प्रत्येक तबेल्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

गैरसमज : माळावर सोडला तर चरून जगेल.
साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज ५ ते ७ किलो कोरडा चारा आणि पंचवीसेक लिटर पाणी लागतं. उन्हाळी माळावर ते कुठून यायचं? शहरात तो उकिरड्यात तोंड घालतो, प्लास्टिक आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी छाटायचे असतात, तिथे नालबंद कोण बोलावणार? जनावर उपाशी-तहानेलं मरेल असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र ५० रुपयांच्या वर जात नाही. एवढ्यात चंदीचं एक पोतंही येत नाही!

गैरसमज : बाजारात विकला की सुटलो.
सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात गिऱ्हाईक चाल बघतं, रंग बघतं, देवमणासारखा शुभ भोवरा शोधतं. लंगड्या, म्हाताऱ्या घोड्याला तिथे कोण विचारतो? ज्याला त्याच्याकडून उरलंसुरलं ओझं ओढून घ्यायचंय, तो. त्यापेक्षा ओळखीच्या घरी द्यावा, तोही लेखी: पुढे विकायचा नाही, जमलं नाही तर परत करायचा. देण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्यावं. हा रोग माणसालाही होतो.

गैरसमज : काम थांबलं, घोडा संपला.
नीट सांभाळला तर घोडा २५-३० वर्षं जगतो. पंधराव्या वर्षी खोगीर उतरलेल्याला अजून दहाएक वर्षं असू शकतात. दुडक्या चालीला नकार देणारा घोडा कधी कधी सावकाश चालीत लहान मुलाला पाठीवर मजेत नेतो; तरण्या, बुजऱ्या घोड्याला सोबत म्हणूनही चालतो. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे द्यायचा असेल तर तो धडधाकट असतानाच विचारावं. आजारी पडल्यावर दारं पटापट मिटतात.

गैरसमज : दयामरण म्हणजे पाप.
पाय चुरडलाय, पोटशूळ कशालाच दाद देत नाही, अशा वेळी डॉक्टरांच्या इंजेक्शनला नाही म्हणत दिवस ढकलणं मला जास्त निष्ठुर वाटतं. चाऱ्याचा खर्च परवडत नाही, हे मात्र त्याचं कारण होऊ शकत नाही. पुरायला खड्डा आधी खणून ठेवावा, खोल आणि विहिरीपासून लांब. औषध मांसात राहतं. उघड्यावर टाकलेला देह खाऊन कुत्री नि गिधाडंही मरतात.