शकावल्यांचीं कोष्टकें शेजारीं शेजारीं कशीं मांडावीं

शकावलीच्या दोन प्रती, किंवा शकाचें व सुहूर सनाचें कोष्टक, एकाच पृष्ठावर शेजारीं शेजारीं असावें अशी संग्राहकांची इच्छा असते. हल्लीं तीं बहुधा संगणकावर, वर्डमध्यें, जुळविलीं जातात. पण दोन्ही कोष्टकांच्या ओळी परस्परांशीं खरोखर जुळतात कीं नाहीं, याचा निर्णय आधीं झाला पाहिजे. कारण ओळीसमोर ओळ दिसली कीं वाचक ती आडवी वाचणारच.

जेधे शकावलींत शिवाजीमहाराजांच्या जन्माची मिति शके १५५१ फाल्गुन वद्य ३ अशी आहे. शके १५५१ समोर नुसतें इ. स. १६२९ छापल्यास हा जन्म १६२९ मधला ठरेल. वस्तुतः तो ज्यूलियन गणनेप्रमाणें १९ फेब्रुवारी १६३० चा होय. सुहूर सन तर मृगास पालटतो. त्यामुळें शके १५५१ चे आरंभींचे दिवस सुहूर १०२९ मध्यें, व पुढील वर्ष १०३० मध्यें, म्हणजे दफ्तरांतील 'सलासीन अलफ' सनांत, पडतें. येथें ओळीस ओळ लावणें म्हणजे खोटी कालगणना छापणें होय.

एकाच प्रसंगाच्या दोन प्रतींतील नोंदी द्यावयाच्या असतील, तर दोन कोष्टकें करूंच नयेत. एकच कोष्टक करून मध्यें एक रिकामा रकाना सोडावा व त्याच्या आडव्या रेघा काढून टाकाव्या. डावीकडील नोंद लांबली तरी सबंध ओळच वाढते, आणि जोडीची नोंद तिच्यासमोरच राहते.

ओळी जुळत नसतील तेथें प्रथम एका ओळीचें, दोन घरांचें बिनरेघी कोष्टक घालावें व प्रत्येक घरांत एकेक कोष्टक बसवावें. लिबरऑफिस रायटरमध्येंही हें साधतें. कोष्टकाच्या गुणधर्मांत 'अराउंड' निवडून तें दुसऱ्याच्या शेजारीं ओढून नेण्याचीही सोय वर्डमध्यें आहे. परंतु वरच्या मजकुरांत चार ओळी वाढल्या कीं असें कोष्टक जागचें हलतें. छापावयाच्या लेखांत आम्ही ती वापरीत नाहीं.

ओळी सारख्या दिसाव्या म्हणून कित्येक जण त्यांची उंची 'एक्झॅक्टली' करून टाकितात. मग लांब नोंदीचा शेवट छापांत दिसेनासा होतो, आणि बहुधा शेवटींच तिथीवार असतो! उंची 'अॅट लीस्ट' ठेवावी, व मुद्रितें मूळ पोथीशीं ताडून पाहतांना प्रत्येक घरांतील शेवटचा शब्द अवश्य तपासावा.