मॉडेल पास की नापास? पेपर तपासतोय दगड!

मॉडेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर रॅम्प येतो, नाहीतर एक्सेल शीट. मला मात्र आज तिसऱ्याच मॉडेलविषयी बोलायचंय. २१०० साली पृथ्वी किती तापलेली असेल, हे सांगणारं हवामानाचं मॉडेल! समुद्र, वारे, ढग, बर्फ या सगळ्यांची गणितं सुपरकॉम्प्युटरवर एकत्र सोडवायची आणि पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज काढायचा, असा हा मामला. यावर माझा पहिला प्रश्न तोच, जो तुमचा बॉस तुमच्या फोरकास्टवर विचारतो: यावर विश्वास का ठेवायचा?

शेअर बाजारातली मंडळी नवा फॉर्म्युला आधी जुन्या आकड्यांवर चालवून बघतात. बॅक-टेस्टिंग! हवामानाच्या मॉडेलचंही तसंच. पण गोची अशी, की जगभरच्या थर्मामीटरच्या नोंदी जेमतेम पावणेदोनशे वर्षांच्या. तेवढ्या काळात पृथ्वी तापलीय सव्वा ते दीड अंश. म्हणजे ही झाली चाचणी परीक्षा. फायनलसाठी फार जुना पेपर लागतो, आणि तो समुद्रतळाच्या गाळात आणि दगडांत जपून ठेवलेला आहे.

तो वाचायचा फंडा एकदम भन्नाट आहे. समुद्रातले काही सूक्ष्मजीव पाण्याच्या तापमानानुसार आपल्या पेशींच्या आवरणातल्या चरबीची रचना बदलतात. जीव मरतो, पण चरबीचे रेणू गाळात कोट्यवधी वर्षं टिकतात. ते तपासले की त्या काळचं पाणी किती गरम होतं, याचा अंदाज येतो.

२००४ साली शास्त्रज्ञांनी थेट उत्तर ध्रुवाजवळ, समुद्राखालच्या लोमोनोसोव्ह डोंगररांगेवर ड्रिलिंग केलं. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापून आला आणि भलेभले चाट पडले. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, तेव्हा तिथलं पाणी २३ अंशांच्या वर गेलं होतं. ध्रुवाजवळ, बरं का! त्याच उबदार युगातल्या मगरीच्या भाऊबंदांचे जीवाश्म कॅनडातल्या एल्समियर बेटावर आधीच सापडले होते. आणि मॉडेल्स? ती तेव्हाच्या ध्रुवावर दहा अंशांहून जास्त थंडी दाखवत होती. सपशेल नापास!

मग मॉडेलवाल्यांनी अभ्यास वाढवला. घोळ होता मुख्यतः ढगांमध्ये. पृथ्वी तापली की काही ढग कमी होतात किंवा बदलतात, ऊन आत जास्त येतं आणि ती आणखी तापते. ढगांचं गणित सुधारल्यावर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'सीईएसएम' या मॉडेलने त्या युगाचं चित्र बऱ्यापैकी बरोबर काढलं.

पण पुढच्याच वर्षी ट्विस्ट. त्याच मॉडेलची नवीकोरी आवृत्ती त्याच पेपरला बसवली, तर तिने विषुववृत्तीय जमिनीवर ५५ अंशांहून जास्त तापमान दाखवलं! एवढ्या उष्णतेत झाडांची पानं कामच करू शकत नाहीत. आणि दगड काय म्हणतात? सुरतजवळच्या वस्तान इथल्या कोळशाच्या खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर, म्हणजे झाडांचा गोठलेला डिंक, सापडलाय. त्यात अडकलेले किडेही आहेत. तेव्हा भारत विषुववृत्ताजवळ होता आणि इथे घनदाट जंगल होतं. म्हणजे आधीची मॉडेल्स फार थंड, ही फार गरम. दगडांनी दोघांचेही कान धरले.

मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. दगडाला ना पर्यावरणवाल्यांची बाजू घ्यायचीय, ना तेल कंपन्यांची. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं उत्तर कित्येक वर्षं दीड ते साडेचार अंश असं ऐसपैस होतं. २०२१ मध्ये आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने ते अडीच ते चार अंशांवर आणलं, अंदाज साधारण ३ अंशांचा. त्यात या प्राचीन पुराव्यांचा मोठा हात आहे. काही नव्या मॉडेल्सचे पाच अंशांचे आकडे बाजूला पडले, पण 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यांचा दीड अंशही गेला.

टेन्शन मात्र गेलेलं नाही. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४०० भागांच्या आसपास होता. तेव्हा पृथ्वी आजच्या औद्योगिक युगाच्या आधीपेक्षा अडीच ते चार अंश गरम होती आणि समुद्र ५ ते २५ मीटर उंच. आज आपण ४२० भाग केव्हाच ओलांडलेत. समुद्र एका रात्रीत चढत नाही, त्याला शतकं, सहस्रकं लागतात. पण तो कुठवर चढू शकतो, हे त्याने आधीच लिहून ठेवलंय.

तेव्हा कँटीनमध्ये कुणी म्हणालंच, की हे सगळे कॉम्प्युटरचे खेळ आहेत, तर त्याला एवढंच सांगा: कॉम्प्युटरचा पेपर दगड तपासतोय, आणि तो ग्रेस मार्क देत नाही!