लग्नाचा विमा : घ्यायचा की नाही?

आजचा विषय जरा घरचाच आहे. ताईचं लग्न ठरलंय. कार्यालय, केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर असं सगळं मिळून साडेचार लाख ॲडव्हान्स देऊन झालाय. त्यात मामा म्हणाला, "अरे, लग्नाचा पण विमा असतो म्हणे. बघ की जरा!" मी इंजिनियर, म्हणजे घरातला गूगल. बसलो बघत.

तर हो, असा विमा असतो. गाडीचा विमा विकणाऱ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांपैकी काही तो देतात. आग लागली, भूकंप झाला, नवरा-नवरी किंवा पॉलिसीत धरलेलं जवळचं माणूस अचानक दवाखान्यात गेलं, आणि त्यामुळे लग्न रद्द झालं किंवा पुढं ढकलावं लागलं, तर बुडालेला खर्च मिळतो. काही पॉलिसींत दागिन्यांची चोरी येते, मांडवात पाहुण्याला इजा झाली तर त्याची भरपाईही येते.

इथं एक घोळ होतो. विमा १० लाखांचा काढला म्हणजे १० लाख मिळतात, असं नाही. समजा ३ लाख ॲडव्हान्स दिलेत आणि कार्यालयानं त्यातले १ लाख परत केले, तर तुमचं खरं नुकसान २ लाखांचं. क्लेम तेवढ्याचाच, तोही पावत्या असतील तर! आपल्याकडे अर्धे व्यवहार "बघू हो नंतर" वर चालतात, ते इथं चालत नाहीत.

आणि काय मिळत नाही? मानपानावरून भांडण झालं, कुणाचं मन बदललं, तर काही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये किती लग्नं पुढं गेली ते आपण पाहिलंय. सरकारी बंदी आली तर काय, हे पॉलिसीच्या कागदात शोधाच.

आमचा खरा प्रश्न वेगळाच होता. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. घरात सगळ्यांच्या मनात तीच एक भीती, पण बोलत कुणीच नव्हतं. एजंट फोनवर म्हणाला, "चालतंय हो, नाव टाका." मी म्हटलं, मेलवर लिहून द्या. दोन दिवसांनी मेल आला : आधीपासूनच्या आजारामुळे काही झालं तर क्लेम नाही. म्हणजे ज्याची भीती, तेच वगळलेलं! हप्ता होता सात हजार. त्यामुळे फोनवरच्या "चालतंय" ला काही किंमत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आई आणि मी कार्यालयात गेलो आणि घरात आजारपण आलं तर सहा महिन्यांत दुसरी तारीख, ॲडव्हान्स न कापता, असं पावतीवरच लिहून घेतलं. केटररही तयार झाला. आता बुडू शकतात असे उरले सव्वा लाख. तेवढे आम्ही सोसू शकतो, म्हणून विमा घेतला नाही.

तुमचं लग्न पावसाळ्यात उघड्या लॉनवर असेल, किंवा बुडणारी रक्कम कर्ज काढून दिलेली असेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथं घ्या, पण पूर किंवा अतिवृष्टी धरलीये का ते आधी बघा.

डेकोरेटर मात्र लिहून द्यायला अजून तयार नाही. शनिवारी मामाला घेऊन जाणार आहे.