परक्यांना मराठी व्याकरण कसे शिकवावे?

परभाषा शिकणाऱ्याला व्याकरण शिकवावे की नाही, हा वादच मला चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. शिकवावे, यात शंका नाही. कोणते शिकवावे आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे. आपली मराठीच घ्या. आपण शाळेत जे व्याकरण शिकलो, ते आधीच येत असलेल्या भाषेला नावे देणारे होते. 'घोड्याला' हे रूप काही गुरुजींनी आपल्याला दिले नव्हते. त्याला 'चतुर्थी' म्हणतात, एवढेच त्यांनी सांगितले. परक्यापाशी रूपच नसते. तो नुसते नाव घेऊन काय करणार? आणि गंमत अशी की, विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील सेरामपूरला निघाले ते परक्यांसाठीच. दादोबा पांडुरंगांचे आले १८३६ साली.

विभक्तिप्रत्ययांचे कोष्टक घोकलेला एखादा परप्रांतीय गृहस्थ एस्टीत कंडक्टरला म्हणतो, "पुणेला एक द्या." कोष्टकाप्रमाणे त्याचे काही चुकले नाही, 'ला' जेथल्या तेथे आहे! अडले ते प्रत्ययापूर्वी शब्द आपले रूप पालटतो तेथे. पुणे–पुण्याला, आंबा–आंब्याला, शाळा–शाळेत, भाऊ–भावाला. हे सामान्यरूप पहिल्या आठवड्यातच यावे. आठही विभक्त्यांची नावे वर्षाने आली तरी चालतील. 'घराला' म्हणतो, मग 'नाशिकाला' का नाही, असे तो विचारीलच. गावांच्या नावांची तऱ्हा तेव्हा सांगावी.

याहून अवघड घाट भूतकाळाचा. 'मी गेलो' शिकलेला पुरुष ओघानेच 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. 'नुसते बोलत राहा, भाषा आपोआप येईल' म्हणणाऱ्यांचा मार्ग येथे खुंटतो, कारण खाणावळवाल्याला ते वाक्य समजते. तो पोळीचे पैसे घेतो, चूक सुधारीत नाही. ती चूक मग वर्षानुवर्षे तोंडात बसते. पण 'कर्मणी प्रयोग' असे फळ्यावर लिहूनही ती जात नाही. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले, ही वाक्ये आधी पुरुषाकडून, मग बाईकडून म्हणवून घ्यावीत आणि विचारावे, "क्रियापद कोणाकडे पाहते?" खाणाऱ्याकडे नव्हे, खाल्लेल्या वस्तूकडे, हे त्यांचे त्यांनाच दिसते. नियम असा उदाहरणांतून विद्यार्थ्यालाच काढू द्यावा, असे डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांचेही म्हणणे होते. नाव त्यानंतर सांगावे.

शिकणाऱ्याची मातृभाषाही शिक्षकाला थोडीफार ठाऊक हवी. हिंदीभाषकाला ही तऱ्हा घरचीच. त्याला फक्त, 'रामाने'ला 'ने' आहे तसा 'मी'ला का नाही, एवढेच कोडे पडते. कन्नड वा इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र सारेच नवे असते.

राहता राहिले अपवाद. 'मी पाणी प्यालो', 'मी मराठी शिकलो' यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याकडेच वळते. हे सांगण्याची घाई करू नये. एखाद्या दिवशी तो गृहस्थ मोठ्या आनंदाने 'मी मराठी शिकली' असे म्हणेल. त्याने नियम नीट पचविला आहे असे तेव्हा समजावे, आणि मग अपवाद सांगावा.