भागी सुटली, देणे सुटले का?

वसई पूर्वेच्या गाळ्यांत आणि नालासोपाऱ्याच्या कारखान्यांत भागीदारी सुरू होते ती बहुधा जबानी भरवशावर. मेहुणा, मामेभाऊ किंवा गाववाला. एकाचे भांडवल, दुसऱ्याचा हात. मोडतानाही चार वडीलधारे बसतात, हिशेब होतो, स्टॅम्प पेपरवर सह्या होतात आणि निघणारा भागीदार समजतो की आपण मोकळे झालो. आमच्या मते खरा धोका याच समजुतीत आहे.

भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे संस्थेच्या देण्याला सर्व भागीदार मिळून आणि प्रत्येकजण एकटाही जबाबदार असतो. चार आणे भागी असली तरी व्यापारी त्याच्याकडून सोळा आणे मागू शकतो. गाळ्यातील माल पुरला नाही, तर पाळी राहत्या घरावर येते. स्टॅम्प पेपर भागीदारांना बांधतो, कच्चा माल उधार देणाऱ्याला नाही. जुन्या देण्यातून सुटायचे तर त्या व्यापाऱ्याचीही संमती हवी. ती लेखीच घ्यावी.

बाहेर पडल्यानंतर जुन्या साथीदाराने केलेली उधारीसुद्धा अंगावर येऊ शकते. जाहीर सूचना निघेपर्यंत ही जबाबदारी चालू राहते. संस्था पूर्ण मोडली तरी नियम तोच. सूचना शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी देशी भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. संस्था नोंदलेली असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांनाही कळवावे लागते. १ ऑगस्ट २०१४ पासून आपला जिल्हा पालघर आहे, तेव्हा वृत्तपत्र निवडताना ते येथे खपते ना, हे पाहावे. साथीदार सूचना देत नसेल तर निघणाऱ्याने स्वतः द्यावी. कायदा तशी मुभा देतो.

जीएसटीचे वेगळेच आहे. निवृत्तीची लेखी खबर एका महिन्यात आयुक्तांना दिली नाही, तर ती पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी राहते. बँकेला जातजामीन दिला असेल तर भागी सोडल्याने तो आपोआप सुटत नाही. बँकेकडून लेखी सुटका घ्यावी.

साथीदार हिशेबच देत नसेल तर? नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा लावण्यास महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने आडकाठी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. तेव्हा नोंदणी नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही.

आणि दुकानाच्या पाटीवरचे, बिलबुकावरचे आपले नाव त्याच दिवशी काढायला लावावे. माहीत असूनही नाव राहू दिले, तर त्या नावाच्या भरवशावर उधार देणारा व्यापारी पुढे आपल्याच दारात उभा राहू शकतो.