पवईने ‘आकाश’वर चढवलेले लिनक्स

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ या विद्यार्थ्यांसाठीच्या टॅब्लेटचे लोकार्पण झाले. सात इंची पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम आणि सरकारला पडणारी किंमत २,२६३ रुपये. देशभर चर्चा झाली ती किमतीची. पवईच्या आयआयटीत डॉ. दीपक फाटक यांच्या चमूपुढचा प्रश्न मात्र जास्त मोलाचा होता: या यंत्रावर मुलांनी नुसते व्हिडिओ बघायचे, की प्रोग्रामही लिहायचे?

टॅब्लेटवर अँड्रॉइड होते. त्याच्या मुळाशी लिनक्सचेच कर्नल, म्हणजे मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि जोडलेली उपकरणे सांभाळणारा गाभा. पण त्यावरचा डोलारा वेगळा. सी, पायथन या भाषा किंवा सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर शिकायला लागणारी नेहमीची साधने तिथे नव्हती. मग लिनक्सची छोटी फाइलप्रणाली अँड्रॉइडच्या पोटातच ठेवली गेली. एकाच कर्नलवर दोन संसार!

पुढची पायरी अवघड होती: अँड्रॉइडला पूर्ण बाजूला ठेवून ग्नू/लिनक्स चालवायचे. इथे चिपची एक खुबी कामाला आली. ‘आकाश-२’मधली ऑलविनर ए१३ चिप सुरू होताच आधी एसडी कार्ड तपासते. कार्डावर बूटलोडर सापडला, तर ताबा त्याच्याकडे जातो. तो रॅम कामाला लावतो आणि कर्नल तिच्यात आणून ठेवतो. हे कर्नल एआरएम प्रोसेसरसाठी बांधावे लागते, तेही सहसा वेगळ्या जातीच्या, घरच्या पीसीवर बसून.

खरी मेहनत त्यानंतरची. टचस्क्रीन कोणत्या पिनवर, वाय-फायला वीज कुठून, हे कर्नलला आपोआप कळत नाही. ऑलविनरच्या त्या काळच्या कर्नलसाठी ही माहिती ‘स्क्रिप्ट.बिन’ नावाच्या एका छोट्या फाइलीत असे. तिच्यात पिनचा एक आकडा चुकला, तर धडधाकट टचस्क्रीनही बोटाला दाद देत नाही.

२०१२ मध्येच ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही एसडी कार्डावरून लिनक्स चालवत बाजारात आला. त्याच्या उलट ‘आकाश’ला पडदा आणि बॅटरी आधीच जोडलेली होती.

कार्ड काढले, की जुने अँड्रॉइड जसेच्या तसे सुरू. विद्यार्थ्यांच्या यंत्रासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. कर्नल कितीही बिघडवले, तरी टॅब्लेट शाबूत राहतो. पवईच्या चमूने सोर्स कोड खुला ठेवल्याने तसे बिघडवून पाहण्याची वाटही मोकळी होती.